मामांचा कावळा आणि निळा पाइप

पुरणपोळ्या जरा जास्तच झाल्यात. उत्तम सोप्यातल्या कॉटवर आडवा होतो. पंखा डोक्यावर कुरकुरतोय आणि कानात अजून सासूबाईंचं बोलणं आहे: "आज घाटात गाडी थांबली, तर उद्या भंगारवाल्याला बोलावते. गेलेल्या माणसाची म्हणून किती सोसायचं?"

गाडी सासऱ्यांची, तातोबा पोवारांची. त्यांच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. नातीचं लग्न राहिलं असेल, म्हणून बोलून बघितलं. श्रीखंड राहिलं असेल, म्हणून वाटी आणली. कावळा ढिम्म. शेवटी उत्तमनं हात जोडले, "मामा, तुमच्या गाडीला कंपनीचा सोडून बाहेरचा पार्ट लावणार नाही." कावळा झपकन खाली! सगळा भावकीचा गोतावळा साक्षीला.

आणि त्याच उत्तमनं गेल्या आठवड्यात काय केलं? टर्बोकडनं इंजिनाला दाबाची हवा नेणारा रबरी पाइप चिरला होता, तो काढला आणि ऑनलाइन मागवलेला निळाशार सिलिकॉनचा पाइप बसवला. तेव्हापासून चढ आला की फट्ट! पाइप निसटतो, मागं काळा धूर, आणि गाडी म्हशीच्या चालीनं. मामा कोपलेत, दुसरं काय! आणि आज संध्याकाळी सासूबाईंना घेऊन आंबा घाटातनं रत्नागिरीला जायचंय, पणतीच्या बारशाला.

पंख्याची कुरकुर हळूहळू इंजिनाची होते. कॉट उताराला लागते. ही घाटातली वळणं. पुढं गाडी उभी, आणि टपावर बनियन-पायजम्यात मामा, हातात श्रीखंडाची वाटी.

"या जावईबापू. आंबट होतं हो श्रीखंड."

उत्तम पाया पडायला वाकतो, तर खाली रस्ताच नाही. घरच्या न्हाणीघराची फरशी आहे. बंबाच्या जागी इंजिन धडधडतंय आणि निळा पाइप मोरीतनं अजगरासारखा वर आलाय.

"मामा, चुकलो. कावळ्यासमोर शब्द दिला आणि..."

"कसला कावळा? शेजारच्या दहाव्याला बुंदी होती. ती संपली तेव्हा आला तो आपल्याकडं."

"मग तुमची इच्छा?"

"वाटीत कुणीतरी साखर घालावी, एवढीच."

उत्तमच्या छातीवरचा धोंडा जरा हलतो. तरी तो विचारतो, "मग पाइप तुम्ही ओढत नाही?"

"मला काय उद्योग नाहीत? बसवताना काय लावलंत त्याला?"

उत्तम मान खाली घालतो. "घट्ट होता, जाईना झाला, म्हणून... खोबरेल तेल. मामींच्या बाटलीतलं."

मामा एवढे हसतात की बंबाच्या जागचं इंजिन बंद पडतं. "वेणी घालायची होती का त्याची? आतनं हवा ढकलणार आणि तुम्ही वाटेला तेल लावणार! साबणाचं पाणी लावायचं, ते वाळून जातं. तेल कुठं वाळतंय? रुमाल आणा."

आता नदीकाठ आहे. पाहुणे ओळीनं उभे, भटजींच्या हातात पेचकस. मामा उत्तमच्या खिशातनं रुमाल ओढतात आणि पाइपचं तोंड आतनं घासून घासून पुसतात.

"रंग मात्र झकास आणलाय. आम्हाला आयुष्यभर काळाच मिळाला."

"रागावला नाही ना मामा?"

"पाइपवर? छे. पण गाडी विकू देऊ नका. तुमच्या मामीला त्या सीटवर बसून माझ्यावर ओरडायची सवय आहे. आता तुमच्यावर ओरडंल. सोसा."

भटजी पेचकसानं पाइपवरची पट्टी आवळतात. वर कावळा ओरडतो, काव, काव, काव...

"...अवो जावई! काढताय का न्हाई गाडी?"

बाहेरनं सासूबाईंची हाक. उत्तम उठून बसतो. पोट जड आहे, पण छाती कशी पिसासारखी! आणि ओरडणं आज चक्क गोड लागतंय.

"काढतो मामी! पाच मिनिटं, पाइप पुसतो आणि निघू!"

बायको, वैजयंता, चहा घेऊन येते आणि त्याच्या खिशाकडं बघत थांबते. दोन बोटांनी रुमाल बाहेर ओढते. सकाळी इस्त्री करून दिलेला पांढरा रुमाल काळाकुट्ट झालाय. वर तेलकट. खोबरेलाचा वास घमघमतोय.

"हे काय पुसलंत ह्याच्यानं?"

"मी नाही," उत्तम म्हणतो. "तुझ्या बाबांनी."