दोन पार्किंगएवढं रान

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत काल कुणाच्या घरी काय शिजलं, हे पक्कं ठाऊक असलेला एकच माणूस होता. खतआप्पा रोज सकाळी गेटपाशी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसत आणि ओल्या कचऱ्याची प्रत्येक बादली उघडून बघत. "पाचव्या मजल्यावर परत बाहेरची बिर्याणी," ते जाहीर करत. "आणि तुमच्यात कांद्याची सालं न्हाईत तीन दिवस. सूनबाई माहेरी गेल्या काय?" बादली देणारा माणूस कानकोंडा होऊन लिफ्टकडे पळे. उरलेलं तेलकट, मसालेदार अन्न मात्र ते तिथल्या तिथे परत करत. त्यांच्या मते ते माणसांनी खावं, गांडुळांवर लादू नये.

आप्पा सांगलीकडचे. निवृत्त झाल्यावर आमच्या बी विंगमध्ये मुलाकडे राहायला आले. त्याआधी तीस वर्षं ते ऊसपट्ट्यात मोटरसायकलवरून हिंडून रासायनिक खतं आणि फवारणीची औषधं विकत होते. मोटरसायकल सुटली तरी तोंडातला हिशोब सुटला नव्हता. सगळं एकरी. वार्षिक सभेच्या समोशांची ऑर्डर देताना ते शांतपणे म्हणाले, "एकरी दीड धरा." माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन त्यांनी पाहुणे एकरी किती, असं विचारलं होतं. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे कुणालाच नको असलेलं काम नाही म्हणता न आल्यामुळे माझ्या गळ्यात पडलेलं. त्यामुळे आप्पांचा सगळ्यात जास्त डोस मलाच मिळायचा.

बी विंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक पट्टा होता. इमारत बांधताना उरलेलं सगळं राबिट तिथे टाकलेलं. विटांचे तुकडे, सिमेंट, फुटक्या फरशा. तिथे गवतसुद्धा उगवत नव्हतं. चेअरमनना तिथे पेव्हर ब्लॉक बसवून दोन गाड्यांचं पार्किंग करायचं होतं. सभेत ते म्हणाले, "भाजी बाजारात मिळते, पार्किंग मिळत नाही." मुंबईत या वाक्याला उत्तर नसतं. तरी आप्पा उभे राहिले आणि एक वर्ष मागितलं. पुढच्या सभेपर्यंत तिथे भाजी उभी दिसली नाही तर ब्लॉक बसवा, मी स्वतः फावडं मारीन, म्हणाले. गंमत म्हणून सगळ्यांनी हात वर केले. दोन गाड्यांच्या जागेला ते 'माझं रान' म्हणायला लागले तेव्हा मात्र चेअरमन थोडे अस्वस्थ झाले.

मग सुरू झाले त्यांचे उद्योग. झाडूवाला रोज पेटवायचा तो पालापाचोळा आप्पांनी जप्त केला. ड्रममध्ये शेण, गूळ आणि बेसन कालवून ठेवलं, तर पहिल्या मजल्यावरच्या आजींनी आधी कसला नैवेद्य म्हणून विचारलं आणि तिसऱ्या दिवशी वास आल्यावर माझ्याकडे लेखी तक्रार केली. पावसाळ्यात त्यांनी ताग पेरला. त्याला पिवळीधमक फुलं आली. बायकांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, चेअरमननीसुद्धा लाइकचा अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी सगळा ताग कापून मातीत गाडला होता! मी खाली जाऊन अक्षरशः भांडले. "सेक्रेटरीबाई," ते घाम पुसत म्हणाले, "त्ये तुमच्यासाठी नव्हतं, मातीसाठी हुतं. तिला उपाशी ठेवून आपन जेवायचं, ह्ये मी लई वर्षं केलंय."

त्याच दिवशी, तिथेच विटांच्या ढिगावर बसून, त्यांनी मला थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. गावाकडे भावाचं अडीच एकर रान होतं. आप्पांनीच त्याला खताचे डोस वाढवायला लावले, पाणीही सढळ द्यायला लावलं. काही वर्षं ऊस असा आला की लोक बघायला यायचे आणि आप्पा गिऱ्हाइकांना मुद्दाम तिथे घेऊन जायचे. मग मातीवर पांढरा थर चढायला लागला. क्षार वर आले, ऊस खुरटला, शेवटी रान पडीक पडलं. "थोरला एका शब्दानं बोलला न्हाई," आप्पा म्हणाले. "घरी गेलो की जेवू घालतो, गप्पा मारतो. पन रानात चल म्हनत न्हाई. माझ्या हातानं मेलेली माती माझ्या हातानं जिवंत हुती का, येवढं मला बघायचंय. झाली, तर त्याला तोंड दाखवून म्हननार, चल." एरवी भर गेटात सगळ्यांची टिंगल करणारा माणूस हे बोलताना पायाशी बघत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातच मी घोटाळा केला.

सभा दहा दिवसांवर आली आणि आप्पांची भेंडी आणि माठ पिवळट, मरगळलेले उभे होते. आप्पा म्हणत, "पाला कुजतोय अजून. सध्या तोच सगळं खातोय, मग झाडांना दील. थांबा." पण चेअरमन कुठे थांबणार होते? त्यांनी पेव्हर ब्लॉकचे नमुने आणून ऑफिसात मांडलेसुद्धा. म्हणून एका दुपारी आप्पा झोपलेले असताना मी नर्सरीतून आणलेला युरिया दोन मुठी भरून टाकला आणि वर पाणी घातलं. पाच-सहा दिवसांत रान असं हिरवंगार झालं की लोक बाल्कनीतून माना काढून बघायला लागले. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होते.

सभेत चेअरमननी मोठ्या मनानं हार कबूल केली. टाळ्या झाल्या. आप्पा उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरलेला होता. "ह्यो हिरवा रंग मी तीस वर्षं विकलाय," ते म्हणाले. "ह्यो मातीचा न्हाई. कुनी टाकला मला ठावं न्हाई. पन ही भाजी धरू नका. मी हरलो." आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना पट्टा नको होता, खात्री हवी होती, आणि नेमकी तीच मी दोन मुठींत घालवली होती. हातात मिनिट्स बुक घेऊन मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"सेक्रेटरीच भेसळ करतात!" चेअरमन ओरडले. पुढची दहा मिनिटं नुसता गोंधळ. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी कधी बोलणार नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! "किती टाकला वो?"

"दोन मुठी."

"मला इचारायचं तरी. एकीत भागलं असतं."

सगळी सभा हसली आणि त्या हसण्यात आणखी एक वर्ष मंजूर झालं. शिक्षा म्हणून ठरावात असंही लिहिलं गेलं, माझ्याच हातानं, की सेक्रेटरींनी पट्ट्यापासून चार हात लांब राहावं.

दुसऱ्या वर्षी भेंडी आली ती साधीच, पोपटी, थोडी वाकडी. पण आप्पांनी भेंडीकडे ढुंकून पाहिलं नाही. खुरप्यानं माती उकरली, मूठभर उचलली आणि मला चार हातांची अट मोडून जवळ बोलावलं. काळी, भुसभुशीत माती, आणि तिच्यात दोन गांडुळं वळवळत होती. सोसायटीत भाजी वाटून झाल्यावर त्यांनी गावी न्यायला सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ती माती भरली. गावाला भाजी का नेत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "भाजी दाखवून काय उपेग? भाजी मी औषदावरबी आनून दाखवायचो."

गोणी रिक्षात चढवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मला रडू येत होतं आणि ते मला वॉचमनसमोर कचरा नीट वेगळा करण्याबद्दल सुनावत होते. परत कधी येणार, असं विचारलं तर गोणीवर हात ठेवून ते रिक्षावाल्याला "चला" म्हणाले.

त्या घटनेला आता दोन वर्षं होतील. त्यांचा फोन येत नाही, म्हणून परवा मीच गावच्या घरी लावला. त्यांच्या वहिनींनी उचलला. आप्पा आहेत का, असं विचारलं.

"न्हाईत वो," त्या म्हणाल्या. "दोघं भाऊ सकाळधरनं रानात गेल्यात."