दुसऱ्या कोपराचा फोटो

दुखणारा हात पुढे केला की ती तो बाजूला सारायची आणि दुसरा मागायची. "दुखते तो राहू दे. चांगला दे पह्यले." मग डोळे मिटून चांगल्या हाताचं मनगट, कोपर, खांदा चाचपत जायची. सोबत आलेले लोक एकमेकांकडे पाहायचे. म्हातारीला ऐकू गेलं नाही की काय, असं त्यांना वाटायचं. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं. चांगला हात पाहून झाला की ती म्हणायची, "देवानं दोन दोन काहून देल्ले? एक बिघडलं त दुसऱ्याले इचारता यावं म्हणून."

दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी ती आमच्या दवाखान्यासमोर, बंद पडलेल्या ढेपेच्या दुकानाच्या ओट्यावर बसायची. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून जीपनं यायची. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिला सगळा बाजार याडीच म्हणायचा, मीही म्हणायचो. लचकलेलं, मुरगळलेलं, निखळलेलं ती बसवायची. मोडलेलं हाड मात्र धरायची नाही. रस्ता ओलांडून माझ्याकडे पाठवायची.

मी त्या खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. तेव्हा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि शिकलेलं सगळं जिभेवर होतं. एकदा ऐटीत सांगितलं, "याडी, माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात."

"मोठ्या माणसाच्या?"

"हो."

"अन् लेकराच्या?"

"त्याहून जास्त. सुटे सुटे तुकडे असतात, वाढताना जुळतात."

"मंग लेकराचे कायले नाही पाठ केले? पडतात त लेकरंच."

खांदे बसवताना ती बोलत राहायची. हाड बिचारं गरीब असते, त्याले वढते ते मांस, असं तिचं म्हणणं. आखडलेले स्नायू सैल पडल्याशिवाय निखळलेला सांधा जागेवर जात नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती ते करून दाखवायची. एका जीपवाल्याचा खांदा उतरला होता. दणकट गडी, पण घामानं निथळत होता. याडीनं त्याचा हात हळूहळू बाजूला नेत विचारलं, "कितव्या बायकोनं मारलं?"

"एकच हाय, याडी."

"एकच हाय अन् हे हाल?"

तो हसला. त्या हसण्यात खांदा आत गेला. त्याला कळायच्या आत तिनं पंचाची झोळी त्याच्या गळ्यात अडकवली होती.

एका बाजारी तिनं खाटकाकडून कोवळ्या बकरीचा गुडघा आणला आणि ओट्यावर विळीनं उघडून दाखवला. दोन हाडांची टोकं भेटतात तिथं पांढरा, काचेसारखा गुळगुळीत थर होता. तिनं त्यात नख रोवलं. "हे कवळं हाड. लेकराच्या सांध्यात हेच जास्त. तुह्या फोटोत हे येते काय?"

मी म्हणालो, "नाही. कूर्चा फोटोत दिसत नाही. तिथं नुसती रिकामी जागा दिसते."

"मंग तुहा फोटो अर्धाच हाय," ती म्हणाली. मी हसलो होतो.

आता जे सांगायचं आहे ते मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

कापसाचा हंगाम होता. तांड्यातली सहा वर्षांची एक पोर कापूस भरलेल्या ट्रॉलीवरून पडली. बाप तिला घेऊन ओट्यावर आला. याडीनं दोन्ही कोपरं चाचपली, पुन्हा चाचपली आणि त्याला माझ्याकडे पाठवलं. डॉक्टर त्या दिवशी यवतमाळला गेले होते. मी सुजलेल्या कोपराचा फोटो काढला. बाप म्हणाला, "याडीनं सांगतलं, दोन्ही हाताचे काढा. चांगल्या हाताचाबी."

दारात आमची नर्स उभी होती. ती म्हणाली, "आता याडी शिकवणार का तुम्हाला?"

एवढंच. तेवढ्यानं माझे कान तापले. फोटो वाचणं हे माझं काम नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर येतील, थांबा, असं म्हणायचं होतं. पण मी ओली फिल्म उजेडात धरली, वरवर पाहिली आणि बापाला म्हणालो, "मोडलेलं नाही. मुरगळलंय. याडीकडून बांधून घ्या."

थोड्या वेळानं याडी स्वतः रस्ता ओलांडून आली. "फोटोवाल्या, मले ते पोर बरोबर लागत नाही. बाहीरच्या अंगाले कायतरी हालते."

"फोटोत काही नाही, याडी."

ती म्हणाली, "तू म्हणतो त नसन." जाऊन तिनं बांबूच्या कांबी लावून हात बांधला. आपल्या बोटांपेक्षा माझ्या यंत्राला वरचढ मानण्याची ही तिची पहिली वेळ होती.

वर्षभरानं बाप पोरीला घेऊन पुन्हा आला. कोपरापासून हात बाहेर फाकला होता. पिशवीतून त्यानं जुनी फिल्म काढून माझ्या हातात दिली आणि तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. मी ती फिल्म खिडकीशी धरली. कोपराच्या बाहेरच्या कडेला, हाडापासून सुटलेली, कापलेल्या नखाएवढी पांढरी रेघ होती. आधीही तिथंच होती. सहा वर्षांच्या मुलाच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा असतो. ती रेघ म्हणजे न दिसणाऱ्या एका मोठ्या तुकड्याची कड होती. मनगट उचलणारे स्नायू त्या तुकड्याला धरून असतात. ते त्याला वर्षभर ओढत राहिले, म्हणून तो जुळला नाही. शेजारी चांगल्या कोपराचा फोटो असता, तर ती रेघ मला त्याच दिवशी दिसली असती.

आतून डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा फोटो आहे का हो यांचा?"

मी फिल्म खणात सरकवली. म्हणालो, "नाही, सर."

बापानं माझ्याकडे पाहिलं. पण डॉक्टर तोवर बोलायला लागले होते, की हे गावठी लोक बांधून बांधून हात वाया घालवतात. बापाचा चेहरा हळूहळू बदलला. बाहेर पडताना तो फिल्म मागायला विसरला, किंवा त्यानं ती मागितली नाही.

पुढच्या बाजारी तो ओट्यासमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या पोरीचा हात इनं मोडीत काढला." लोक पांगले. मी खिडकीतून पाहत होतो.

दुपारी ती माझ्याकडे आली. "खरं सांग. फोटोत काही होतं काय?"

तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी सांगायचं. त्या दारात मी किती वेळा पुन्हा उभा राहिलो आहे, ते मलाच माहीत. मी म्हणालो, "नव्हतं, याडी."

तिनं आपली बोटं पाहिली, दुसऱ्या कुणाची पाहावी तशी. "मंग हे झूट बोलले," ती म्हणाली.

त्यानंतरही काही महिने ती बाजाराला यायची, पण हात ओढणीखाली ठेवून. एकदा एका बाईचा जांभई देताना जबडा निखळला. तोंड उघडं ते उघडंच. याडीसाठी ते दोन अंगठ्यांचं काम. ती मान हलवत राहिली. "दवाखान्यात जा, माय. माह्यावर भरोसा नोको ठेवू." मग तिनं यायचंच सोडलं. चार वर्षांपूर्वी ती गेल्याचं तांड्यातल्या एका पेशंटनं छातीचा फोटो काढता काढता सांगितलं. मी त्याला म्हणालो, श्वास रोखून धरा. आणि बटण दाबायला विसरलो.

आता फिल्म नाही, सगळं पडद्यावर उमटतं. लहान मुलाचं कोपर आलं की मी दोन्ही बाजूंचे फोटो काढतो. नवे डॉक्टर विचारतात, सांगितला एक, काढले दोन, असं का. मी काहीतरी उत्तर देतो. खोलीत मी एकटा असताना मागे बांगड्या वाजल्यासारखं होतं. याडीच्या हातात दंडापर्यंत बांगड्या असायच्या. मी मागे वळून पाहत नाही. वळलो आणि कुणी नसलं तर, याचीच भीती वाटते.

गेल्या महिन्यात वीस वर्षांची एक मुलगी आली. करंगळी बधिर होते, म्हणाली. हात टेबलावर ठेवताच मी ओळखलं. कोपर असं फाकत गेलं की आतल्या बाजूची नस वर्षानुवर्षं ताणली जाते आणि बधिरपणा उशिरा येतो. मी विचारलं, हे कसं झालं. ती सहज म्हणाली, "लहानपणी एका म्हातारीनं बिघडवला."

खणातून काढून घरी लपवलेली ती फिल्म मी जाऊन घेऊन आलो. ती दिव्याच्या पेटीवर लावली, ती रेघ दाखवली आणि सगळं सांगितलं. मुलीनं त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवत आली, काका. ती हाक मारे मले."

"मला माफ कर."

"ते मंग पाहू. तांड्यात येऊन सांगा पह्यले. लोक अजून तिच्या सुनेले तेच बोलतात."

रविवारी गेलो. तांड्याच्या नाईकाच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली होती, बाया मागे उभ्या होत्या. मी खाली पाहत, हळू आवाजात सगळं सांगितलं. माझं बोलणं संपलं. मुलीचा बाप, आता म्हातारा झालेला, जमिनीकडे पाहत म्हणाला, "निरोप मीच नेलता. दोन्ही हाताचे काढा म्हणून. फोटोबी मीच देल्ला यायच्या हातात. मले याद होतं."

नाईकानं खाकरून चहाचं विचारलं. माणसं उठायला लागली.

तेवढ्यात मागून याडीची सून पुढे आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "बसा म्हणा सगळ्यायले. अन् पुन्हा सांगा. जोरानं. मांगच्या बायायले ऐकू नाही आलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.