खालच्या वावराची माती

मातीचा नमुना घ्यायला गेल्या की वानखडे मॅडम आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसकण मारायच्या आणि मालकिणीशी गप्पा ठोकायच्या. औंदा काय पेरलं, शेणखत कधी टाकलं, पाणी कुठं साचतं, सगळं जागेच्या खुणेसकट मोबाइलात टिपायच्या. तोवर शेजारच्या खालच्या वावरात माझ्या पिशव्या भरूनही व्हायच्या. मालेगावच्या कॉलेजात आम्ही दोघी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. मला वाटायचं, ही बाई अशानं म्हातारी होईल, पण काम पुरं व्हायचं नाही.

नमुन्यांतल्या सूक्ष्मजीवांची जनुकीय माहिती पुण्याच्या प्रयोगशाळेतून आली ती इतकी अवजड, की आमचा कॉम्प्युटर ती उघडतानाच मान टाकायचा. मी माझी हार्ड डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावलं. आधी माझा शोधनिबंध, मग जगाला दर्शन! मॅडमनी मात्र स्वतःची सगळी माहिती क्लाउडवर टाकली, फुकट, सगळ्यांसाठी. आता कुठलाही संशोधक साध्या लॅपटॉपवरून तिथल्याच मोठ्या कॉम्प्युटरांवर तिचा अभ्यास करू शकत होता. मी म्हटलं, उद्या तुमच्या मेहनतीवर दुसराच नाव कमावेल.

"कमावू द्या ना. कोनाच्या तरी कामी तं येईन."

हे त्यांचं पालुपद. डब्यातली उरलेली भाजी असो की जुनी ओढणी, कामी तं येईन.

आणि आली की कामी! कुठून कुठून मेल यायला लागले. प्राचार्य स्टाफरूममध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? जळफळाट झाला नुसता. माझा निबंध अर्ध्यावर पडलेला आणि यांचं नाव केनियापर्यंत पोचलेलं.

शेवटी मीही माझी माहिती क्लाउडवर टाकायला बसले. उदार वगैरे झाले नव्हते, बघवत नव्हतं म्हणून. पण तिथं प्रत्येक नमुन्याची नेमकी जागा विचारतात. माझ्या पिशव्यांवर तारखेखाली काय लिहिलेलं? 'किन्हीराजा, खालचं वावर.' दुसरीवरही तेच, तिसरीवरही तेच. किन्हीराजा गावात ज्याला त्याला एक खालचं वावर आहे! जागा कळली नाही तर माझी सगळी वर्षं मातीत जाणार होती.

गेले मुकाट्यानं मॅडमकडे. त्यांना नागपूरला नोकरी लागली होती, सामान बांधणं चाललं होतं. त्या पोटभर हसल्या, मग मला स्कूटीवर मागं बसवून निघाल्या. "तुमी इथं पिशव्या भरून राह्यल्या होत्या, तवा मी त्या धुऱ्यावरच बसली होती," म्हणत एकेक वावर दाखवत गेल्या. मोबाइलातल्या टिपणांच्या तारखांशी माझ्या पिशव्यांवरच्या तारखा जुळत गेल्या. माझ्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असं मी विचारलंच.

"तुमच्यासाठी नाही वं. माह्यापाशी वरच्या वावरायची माती हाय, तुमच्यापाशी खालची. खालची नसन तं पाण्यासंगं काय वाहून गेलं, हे कोनाले कसं कळन?"

हेही त्यांनाच आधी सुचावं! मला रागच आला.

मॅडम गेल्या. परवा माझ्या माहितीवर पहिला मेल आला. दूरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, अमुक वावरात पाणी किती दिवस साचतं? मला काय ठाऊक! मी नागपूरला फोन लावला. मॅडमनी मालकिणीच्या नावासकट सांगितलं. उत्तर मी माझ्या नावानं पाठवलं. खाली मॅडमचे आभार मानलेत, बारीक अक्षरात.