पायरीवरची बादली

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बागबाजारच्या आमच्या घराची पायरी घासणं. मी पाणी ओतलं, तिनं काथ्यानं शेवाळ काढलं. "अहो, हळू ओता, सगळी भिजले," एवढंच बोलली. मग रोजच्यासारखी बादली पायरीच्या मधोमध पालथी ठेवली. ती उचलेपर्यंत पायरीवर पाय द्यायचा नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही. तो आला, लाथेनं बादली उडवली आणि पुढच्याच पावलाला घसरून मनगट मोडून घेतलं.

त्याच दुपारी हिच्या छातीत कळ आली आणि ही गेली. तेराव्याला तो खाली फिरकला नाही. त्याच्या वकिलाची नोटीस मात्र आली. घरमालकाच्या बायकोच्या निष्काळजीपणानं पडलो, भरपाई द्या.

माझा जन्म सोनं गाळण्यात गेला, शाळा चौथीपर्यंत. कोर्टातलं मला काय कळणार? माझा वकील म्हणाला, सोपं आहे. "सांगा, मी नको म्हणायचो, बायको ऐकायची नाही. मेलेल्या बाईला कोर्ट काय करणार?"

मी म्हटलं, "तुमची असती तर सांगितलं असतंत?"

मग म्हणाला, हरलात तर मला बोलू नका.

सियालदहच्या कोर्टात मी सांगितलं, बादली होती, हिनं ठेवली होती, ह्यानं लाथ मारली. त्याच्या वकिलानं हसत विचारलं, साक्षीदार कुठं आहे? साक्षीदाराला मी माझ्या हातानं अग्नी देऊन आलो होतो.

पण भाडेकरूला गप्प बसवेना. हिच्यावरचा त्याचा राग ती मेली तरी विझला नव्हता. भर कोर्टात म्हणाला, "रोज वाटेत ती बादली. भाडं मी भरतो, आणि बादलीला विचारून खाली उतरू?" त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

दावा फेटाळला. आनंद-बिनंद काही झाला नाही. तिच्या नावाला लावलेला डाग निघाला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरी घासायला बसलो. ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता, हिरवीगार झाली होती. एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं घासायचं. धोतर भिजलं. मग बादली मधोमध पालथी घातली आणि शेजारच्या ओट्यावर बसलो.

भाडेकरू डबा घेऊन ऑफिसला निघाला होता. बादलीपाशी येऊन थांबला. माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

पायरी सुकली, तरी मी बादली उचलली नाही.