अर्धी जमीन पुतळाबाईंची

आजूबाजूच्या सर्व जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या, तरी बेलापूरजवळ डोंगराच्या पायथ्याशी शिवरामदादांचा एक तुकडा शिल्लक राहिला. त्यावरील जुन्या झाडांना शेकडो वटवाघळे लटकत असत. दादांना मूलबाळ नव्हते. एका दलालाने ती झाडे आठवड्यात साफ करून देण्याचे आश्वासन दिले. ते ऐकून दादांनी ही जागा सीबीडी या नव्या वस्तीतील फ्लॅटवाल्यांच्या निसर्ग मंडळास बक्षीस देण्याचे ठरविले. ही गोष्ट १९९६ सालची.

वकिलांनी कागद पाहिले, तेव्हा वडिलांच्या पश्चात बहिणीचे हक्कसोडपत्र घ्यायचे राहून गेल्याचे आढळले. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात आणि भाऊ त्यांना दिवाळीला लुगडे नेसवतो. या रीतीविषयी कोणी बोलत नाही.

बहीण पुतळाबाई समुद्रकाठच्या मोरा गावी दिलेल्या होत्या. मंडळाच्या नंदकुमारांना घेऊन दादा त्यांच्या ओटीवर गेले.

"बाय, अंगठा दे."

"कोनासाठी?"

"वाघलांसाठी."

पुतळाबाईंनी सुकट निवडणे थांबविले नाही. "दादूस, तुज्यासाठी मागला असतास तर नाय बोलली नसती. भावाला हक्क सोरतात. वाघलं माजी कोन? त्यांनी मना कवा लुगरं नेसवलं?"

वटवाघळे बिया पसरवतात, जंगल वाढवतात, असे नंदकुमारांनी समजाविले.

"पसरवू देत," त्या म्हणाल्या. "मी हक्क सोरनार नाय. आदी सातबाऱ्यावर माजं नाव लाव. मंग बघू."

दादांनी तलाठ्याकडे हेलपाटे घालून नाव लावले. परंतु 'मंग बघू' या शब्दांनी त्यांचे जेवण कमी झाले. नाव लागताच तोच दलाल पेढे घेऊन मोऱ्याला पोहोचला.

"मावशी, दादांना आम्ही समजावतो. तुम्ही फक्त हो म्हणा. बिल्डिंगला तुमचंच नाव देतो. पुतळा अपार्टमेंट."

"आन् वाघलं?"

"टेन्शन नका घेऊ. फटाके लावले की पळतात."

पुतळाबाईंनी विचार केला. आजवर त्यांचे नाव रेशनकार्डाखेरीज कोठेही नव्हते. आता ते जमिनीवर होते, आणि विकली तर पुसले जाणार होते. दिली तरी पुसले जाणार होते. पण विकणाऱ्यास कोणी दाता म्हणत नाही. त्यांनी पेढे ठेवून घेतले व दलालास परत पाठविले.

बक्षीसपत्राच्या दिवशी नोंदणी अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे विचारले, "मावशी, जमीन स्वखुशीने देताय ना? कोणाचा दबाव?"

शेजारी दादा फरशीकडे पाहत उभे होते.

"बाप गेला तवा मना कोनी इचारलं नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "शेतं गेली तवा पन नाय. तू इचारलंस. देते. अर्धी माजी हाय, अर्धी या दादूसची. वाघलांना तसं सांगून ठेवा."

अधिकाऱ्यांनी हे सर्व लिहून घेतले नाही. त्यांनी 'होय' एवढेच लिहिले. पुतळाबाईंनी अंगठा उमटविला, आणि मग दादांनी आपला.