मेणानं बुजवलेली सनई

तात्या लढाईवर गेले तेव्हा आमच्या घरात सनया दोन होत्या आणि भाकरी एका वेळची. निजामाचं राज्य. सोनारीच्या देवळात पहाटे वाजवायचं आणि सुगीला मिळेल त्या धान्यावर वर्ष काढायचं. ते पुरेना, म्हणून माझे हे थोरले चुलते सोलापूरला जाऊन इंग्रजांच्या पलटणीत शिरले. परतले ते उजव्या हाताची तीन बोटं घालवून.

लढाईआधी देवळात पुढं उभं राहून वाजवायचे ते तात्याच. माझे वडील मागं उभे राहून नुसता एक सूर धरायचे. पुढची सनई त्यांना अर्धीमुर्धीच यायची. पुजारी म्हणाले, "चैताच्या जत्रंला नीट वाजलं न्हाय, तर परंड्याचे वाजवणारे आणावे लागतील."

त्याच दिवशी तात्या स्वतःच्या सनईच्या भोकांत मेण भरत बसले. भोकं बुजली की सनईतून एकच सूर निघतो; तो धरायला बोटं लागत नाहीत, दम लागतो.

आजी ओरडली, "आरं, जित्या सनईला बुजवतूस व्हय?"

"वाजंल की गं आये. एकच वाजंल, पर वाजंल." मग वडिलांना म्हणाले, "आता तू म्होरं."

"तात्या, तुमच्या म्होरं म्या कसा उभा ऱ्हाऊ?"

"मागचा हलला न्हाय, की म्होरला पळत न्हाय. लढाईत येवढंच शिकलो. ऊठ."

जत्रेपर्यंत तात्या तोंडानं गायचे, वडील वाजवायचे. चूक झाली की तात्या गरजायचे, "पीछे मुड!" म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

जत्रेत भर गर्दीत वडिलांचा श्वास अडकला. सनई थांबली. तात्यांचा सूर मात्र थांबला नाही. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत ते एकटेच वाजवत राहिले. लोकांना वाटलं, वाजवायची तऱ्हाच अशी. तेवढ्यात वडिलांनी दम घेतला आणि त्याच सुरावर परत आले. हे वडिलांनी मला कितीदा तरी सांगितलं.

पुढं देवळातली पाळी नसली तरी तात्या रोज ओसरीवर तो सूर धरून बसत. माझा अभ्यास त्याला टेकूनच झाला. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्या म्होरं कोण हुतं गं घरात शिकल्यालं?"

"कुणीच न्हाय, तात्या."

"मग? मागं आमी हुतो की!"

तात्या शेवटपर्यंत तो एकच सूर वाजवत राहिले. वडील पंचक्रोशीत नावाजले, मी पदवीधर झाले आणि सोनारीच्या देवळातली आमची सनई कधी बंद पडली नाही.