गाडी राखणाऱ्या आजी

हल्ली गुडघे कुरकुरले की मला त्या आजी आठवतात. काष्टीकडच्या एका जत्रेत, बाहत्तर सालच्या सुमारास दिसलेल्या. गुडघे पार गेलेले, म्हणून घरच्यांनी त्यांना बैलगाडी राखायला बसवलं आणि सगळे जत्रेत पांगले. गाडी मात्र आजींनी हट्टानं आकाशपाळण्याला खेटूनच सोडायला लावली होती.

मी पाळण्यात बसलो, तोच काठी टेकत आजी हजर. "सरका की वाईच." रिकाम्या पाळण्यात पहिलं बसायचं, हे त्यांचं गणित. खालची माणसं भरेपर्यंत आपण वर लटकून राहतो. मी दांडा धरून डोळे मिटले होते. आजी मजेत जत्रा बघत होत्या.

"गुडघं म्हनत्यात बस, डोळं म्हनत्यात फिर. मी दोघांचंबी ऐकती. गाडीबी दिसती हितनं!" मग मला डोळे उघडायला लावून काठीनं खाली दाखवलं आणि खुदकन हसल्या. "ती बगा आमची सून. भजी खाती. घरी म्हनती, त्याल सोसत न्हाई."

उतरल्यावर आजींनीच मला हाताला धरून गाडीच्या सावलीत टेकवलं आणि स्वतः गाडीत जाऊन बसल्या. तेवढ्यात सून आली. "आत्याबाई, काय गर्दी! खायचंसुदीक सुचलं न्हाई. तुमाला हितं बसून कटाळा आला आसंल."

"व्हय गं बाई." आजींनी सरकून तिला जागा दिली आणि काठीवर हनुवटी टेकली. "बस, दमलीस. आता सांग, काय काय हुतं जत्रंत?"